तीन बटणं

शनिवार, २० डिसेंबर २०२५. सकाळचे पावणेआठ वाजलेत. अंबरनाथ पूर्वेला कानसई सेक्शनमधल्या एका शाळेत नगरपालिकेच्या मतदानाची रांग जिन्यापर्यंत आलीय. खरं तर २ तारखेलाच मतदान होतं, ते पुढे गेलं. रांगेतला एक मुलगा म्हणतो, "नगरसेवकासाठी पहिल्यांदाच मत देतोय." वय विचारते. सत्तावीस!

हिशेब बरोबर आहे. मागचं मतदान एप्रिल २०१५मध्ये झालं, तेव्हा तो अठराचा झालेला नव्हता. त्या नगरसेवकांची मुदत मे २०२०मध्ये संपली. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद; तेव्हापासून आजवर कारभार प्रशासकाकडे. राज्यघटनेचं कलम २४३ यू मात्र स्पष्ट सांगतं की मुदत पाच वर्षांची, आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. हा नियम तुमच्याआमच्यासाठी नाही, राज्य चालवणाऱ्यांसाठी आहे. तो पाळायला लावण्यासाठी मे २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाला आदेश द्यावा लागला, याचा मला अजून राग येतो.

"गटार तुंबलं की कुणाच्या दारात जायचं, तेच कळेना," मागचे कानटोपीवाले काका म्हणतात.

आत माझ्या बोटाला शाई लागते. माझ्या आधीच्या आजी पुठ्ठ्याच्या आडोशामागे आहेत. दोन नगरसेवक आणि नगराध्यक्ष, मतं तीन. आजी एकच बटण दाबून बाहेर येतात.

"आजी, अजून दोन राहिली."

"कुठली रे बाळा? तूच दाब की."

तरुण कर्मचारी खुर्चीतून उठतो. आडोशापाशी दोन पावलांवर थांबतो. हात पुढे झालेला, पण पाऊल नाही. "मला आत येता येत नाही, आजी. तुमच्या मनातलं तुम्हीच दाबा." टेबलावरच्या नमुना मतपत्रिकेवर तो बोट ठेवून दाखवतो: हा एक गट, हा दुसरा, हा तिसरा. प्रत्येकातलं एक. उमेदवारांच्या प्रतिनिधींपैकी एकजण उतावीळपणे घड्याळ बघतो. कर्मचारी तिकडे लक्षच देत नाही.

आजी पदर सावरून पुन्हा आत जातात. खोलीत कुणी बोलत नाही. नुसती बांगड्यांची किणकिण. मग लांबलचक बीप.

"झालं?" आजी विचारतात.

"झालं, आजी."

तो माझी चिठ्ठी घेतो.