लाल दिवा लागला की...

ध्वनिमुद्रित मुलाखतीत चूक कापता येते. थेट प्रसारणात लाल दिवा लागला की सुटलेला शब्द परत येत नाही. म्हणूनच नांदेड-लातूरकडच्या वस्त्यांतली, पाण्याच्या प्रश्नावर सडेतोड भांडणारी आमची भगिनीही माइकपुढे कचरते : "दादा, मला शुद्ध बोलाया येत नाही."

आम्ही विचारतो, शुद्ध म्हणजे कोणाचे? ३ ऑक्टोबर १९५४ रोजी ऑल इंडिया रेडिओवरून बाबासाहेबांनी सांगितले, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली. मोजका वेळ, पण विचार पक्का!

मुलाखतकाराने आधी पाहुण्याजवळ बसावे, पहिला प्रश्न सांगून ठेवावा. पाहुण्याने तीनच मुद्दे ठरवावेत, कागद वाजवू नये. कसोटी व्याकरणाची नाही, खरेपणाची आहे. भगिनींनो, आपल्या बोलीत बोला! जयभीम.