उसाचा रस, किण्व आणि विकरे

उसाचा रस उघडा ठेवला असता काही तासांतच त्यावर फेस येतो व तो आंबू लागतो. हे कार्य जिवाणूंचे व किण्वाचे, म्हणजेच यीस्ट या एकपेशीय बुरशीचे असते.

रसातील इक्षुशर्करा फोडण्यासाठी किण्वाची पेशी इन्व्हर्टेज नावाचे विकर (एन्झाइम) आपल्या भिंतीपाशी सोडते. त्यायोगे ३४२ ग्रॅम इक्षुशर्करा व १८ ग्रॅम पाणी यांपासून १८० ग्रॅम द्राक्षशर्करा व १८० ग्रॅम फलशर्करा तयार होते. हे विकर १८६० साली बर्थेलो या फ्रेंच शास्त्रज्ञाने किण्वापासून वेगळे केले.

पेशी हे विकर सदासर्वकाळ सारख्या प्रमाणात बनवीत नाही. घरात पीठ भरपूर असता कोणी जाते फिरवीत नाही; त्याचप्रमाणे द्राक्षशर्करा विपुल असता इन्व्हर्टेजची निर्मिती मंदावते व ती संपत आली की वाढते.

साखर फार झाल्यास किण्व हवा असूनही मद्यार्क बनविते. म्हणून पावासाठी किण्व वाढविताना मळी थोडी थोडी घालून भरपूर हवा देतात. मद्यार्क हवा असेल तेथे साखर मुबलक ठेवतात. १८० ग्रॅम द्राक्षशर्करेपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम मद्यार्क मिळू शकतो. खराडीच्या दक्षिणेस, मुळा-मुठेपलीकडे मांजरी बुद्रुक येथील वसंतदादा साखर संस्थेत ऊस व साखरेबरोबरच मद्यार्क-तंत्रावरही काम चालते. ही संस्था १९७५ साली स्थापन झाली.

अन्नानुसार पेशीचा आकारही पालटतो. एरवी ती वाटोळी असून कळी फुटून वाढते. साखर असूनही नत्र अपुरे पडल्यास काही वाणांच्या पेशी लांबट होऊन साखळीसारख्या जोडलेल्या राहतात. आंबवणीच्या मळीत नत्र कमी पडल्यास युरिया किंवा अमोनियम क्षार घालतात.

गुऱ्हाळवाल्यांच्या दृष्टीने यातील मर्म असे की, फुटलेली साखर पुन्हा जुळत नाही. ती वाढली की गूळ नरम राहतो, नीट बसत नाही व पाणी सुटून लवकर बिघडतो. यास्तव :

१. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळावा. तोडीनंतर उसातील स्वतःची विकरेही साखर फोडीत असतात.

२. विलंब अटळ असल्यास मोळ्या सावलीत ठेवून पाचटाने झाकाव्यात व त्यांवर पाणी शिंपडावे.

३. रस साठवू नये. गाळून त्वरित काहिलीत चढवावा.

४. चरक, हौद व भांडी रोज गरम पाण्याने धुवावीत. शिळ्या रसाचा अंशही नव्या रसास विरजणासारखा लागतो.

ग्रामसेवकांनी हंगामापूर्वीच या गोष्टी गुऱ्हाळांवर समजावून द्याव्यात.