नाकाचे माप आणि बाबासाहेबांचा युक्तिवाद

विज्ञानात फक्त पुरावा चालतो, युक्तिवाद हे कोर्टाचे आणि राजकारणाचे काम, असे आपल्या मनावर बिंबवले गेले आहे. हे अर्धसत्य आहे. पुरावा आपणहून काहीच सिद्ध करीत नाही. तो कोणीतरी मांडतो आणि खरी मेख त्या मांडणीत असते.

हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याचे उदाहरण घ्या. त्याने बंगालमधील जातीजातींची नाके मोजली. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणायचे, की झाला नासिका निर्देशांक. १८९१ साली त्याने जाहीर केले की, जात जितकी वरची तितके नाक अरुंद. म्हणजे जातीच्या मुळाशी वंश! तक्ते, आकडे, सरासरी. भाषा विज्ञानाची, पण निष्कर्ष वर्णव्यवस्थेच्या सोयीचा. नाक मोजता येते, म्हणून माणसाचा दर्जा नाकावरून ठरतो काय? पण आकड्यांच्या दबदब्यापुढे हा प्रश्न विचारतो कोण?

बाबासाहेबांनी तो विचारला. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी मोजमापांना नावे ठेवली नाहीत. उलट तीच कसोटी घटकाभर मान्य केली. डॉ. घुर्ये यांच्या अभ्यासातील आकडे घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापे शेजारी शेजारी ठेवली आणि दाखवून दिले की, ब्राह्मणांना जो वंश लावाल तोच अस्पृश्यांनाही लावावा लागेल. अस्पृश्यतेचा वंशसिद्धान्त त्याच्याच मोजपट्टीने कोसळला. प्रतिपक्षाच्या साक्षीदाराकडून आपली बाजू वदवून घ्यावी, तसेच हे.

तरीही याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते आपला सिद्धान्त अंतिम असल्याचा दावा करीत नाहीत. जिथे पुराव्याची साखळी तुटते तिथे आपण तर्काने दुवा जोडला आहे, हे ते लपवीत नाहीत. प्रामाणिक शास्त्रीय लेखनाची हीच खूण. वाचकाला दिपवायचे नाही, तपासायला बोलवायचे.

आज नाकाची जागा डीएनएने घेतली आहे. जातीच्या श्रेष्ठत्वासाठी कोणी 'शास्त्रीय' दाखला पुढे केला, तर कार्यकर्त्यांनी तीनच प्रश्न विचारावेत. मोजले काय? निष्कर्ष कोणता काढला? आणि मधली पायरी कुठे आहे? हेच प्रश्न आपल्या बाजूच्या लेखनालाही लावले पाहिजेत. सत्याला उलटतपासणीचे भय नसते.