टीटी नगरात टीटी! जुनी घ्यावी की नवी?

भोपाळच्या टीटी नगरातला टीटी कोण, हे मराठी माणसाला सांगायला नको. येवल्यात जन्मलेले आणि 18 एप्रिल 1859 रोजी शिवपुरीत फासावर चढलेले आपले तात्या टोपे! पण ऑडीच्या टीटीतला टीटी कोण, माहीत आहे का? टुरिस्ट ट्रॉफी! आइल ऑफ मॅन बेटावरची, बघणाऱ्याच्याही छातीत धडकी भरवणारी मोटरसायकल शर्यत. ऑडीच्या खानदानातल्या एनएसयू आणि डीकेडब्ल्यू या जुन्या कंपन्या तिथे बाइक पळवायच्या. नाव बाइकच्या शर्यतीचं, चाकं मात्र चार!

आता पुढचा धक्का. कोरी करकरीत टीटी तुम्ही घेऊच शकत नाही. खिसा कितीही गरम असो! शेवटची टीटी नोव्हेंबर 2023 मध्ये हंगेरीतल्या ग्यूरच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि दुकान बंद. साडेसहा लाखांहून जास्त गाड्या बनल्या. त्यामुळे बाजारात जी टीटी दिसते ती सेकंडहँड. प्रश्न एवढाच, कोणत्या पिढीची?

पिढ्या तीन. 1998 ची, 2006 ची आणि 2014 ची. चला, एकेकीची कुंडली मांडू.

थोरलीपासून सुरुवात. 1995 च्या फ्रँकफर्ट मोटर शोमध्ये ती नुसती कन्सेप्ट म्हणून मांडली होती. गोल छत, गोल चाककमानी, गोल डायल... कंपास घेऊन बसल्यासारखी! काही गाड्यांच्या सीटवर तर बेसबॉलच्या ग्लोव्हसारखी जाडजूड शिलाई. लोक फिदा झाले. पण माहीत आहे का, या देखणेपणाची किंमत मोजावी लागली? सुरुवातीच्या गाड्या जर्मनीच्या हायवेवर तुफान वेगात मागून हलक्या व्हायच्या. अपघात झाले, माणसं दगावली. मग ऑडीने गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर बसवला आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल दिला. गंमत म्हणजे, काही शौकिनांना आजही बिनस्पॉयलरचीच हवी असते. हौसेला मोल नाही, पण हाडांना आहे, साहेब!

आणि थोरलीचा स्पीडोमीटर? त्याच्या डिस्प्लेतले ठिपके मरतात, काटे भलतंच दाखवतात. अमेरिकेत तर या मीटरवरून ग्राहक कोर्टात गेले होते. जुनी टीटी बघायला जाल तेव्हा पेट्रोलचा काटा खरं बोलतोय का, ते आधी तपासा.

अर्थात, भोपाळात थोरली सापडणं म्हणजे वन विहारात रस्त्यावरच वाघ भेटण्यासारखं. ऑडीचा भारतातला संसार 2007 मध्ये थाटला गेला, तोवर दुसरी पिढी आली होती. 'लंडनच्या मावसभावाकडे आहे, मागवून घेतो' म्हणाल तर तेही विसरा. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आयात करायला आपल्याकडे साधारणपणे परवानगी नाही. मावसभाऊ फुकट देईल, पण कस्टमवाले आत सोडणार नाहीत!

म्हणजे खरी लढत मधली विरुद्ध धाकटी.

मधलीची बॉडी वजनाने 69 टक्के ॲल्युमिनियम, बाकी स्टील. आणि हे स्टील मुद्दाम मागच्या बाजूला! इंजिन पुढे, म्हणून तोल साधायला मागे जड धातू. इंजिनियर लोक काटकसर करतात ती अशी. धाकटी आणखी डाएटवर. मधलीपेक्षा 50 किलोपर्यंत हलकी.

हलकं म्हणजे जलद, हे भोपाळला जर्मनांनी शिकवायची गरजच नाही. डिसेंबर 1737 आठवा. एकीकडे निजामाचा अवजड तोफखाना, दुसरीकडे बाजीरावांचं हलकंफुलकं घोडदळ. निजाम भोपाळच्या आश्रयाला गेला आणि तिथेच कोंडला गेला. रसद बंद! जानेवारी 1738 मध्ये शेजारच्या दोराहा गावी तहावर सह्या. पॉवर-टू-वेट रेशोचा इतका झणझणीत धडा दुसरा कुठला?

आता बॉनेट उघडा. इथे खरी माया लपलीय. मधलीच्या 2.0 लिटर टर्बोचे दोन अवतार आहेत. आधीचा 200 पीएसचा, टायमिंग बेल्टवाला. नंतरचा 211 पीएसचा, टायमिंग चेनवाला. आता सांगा, कोणता घ्याल? 'नंतरचा!' म्हणालात ना? थांबा! हाच 211 वाला ऑइल पिण्यासाठी बदनाम आहे. पिस्टनच्या रिंगांमधून ऑइल जळतं आणि चेनचा टेन्शनर सैल पडला की मालकाचं टेन्शन वाढतं. 200 वाल्याची भानगड वेगळी. त्यात हाय-प्रेशर पेट्रोल पंपाखाली बोटभर आकाराचा कॅम फॉलोअर असतो. तो झिजून भोक पडलं की आधी पंप जातो, मग कॅमशाफ्ट. भाग चिमुकला, बिल भलंमोठं! बेल्ट कधी बदलला आणि फॉलोअर कधी पाहिला, हे दोन प्रश्न विचारा आणि विक्रेत्याचा चेहरा वाचा.

धाकटीत या इंजिनाची पुढची पिढी. 2015 मध्ये भारतात आली तेव्हा 230 पीएस, 370 न्यूटन-मीटर, शून्य ते शंभर 5.3 सेकंदांत. शोरूममधला आकडा सुमारे 60 लाख. ऑइलचं व्यसन बरंचसं सुटलं, पण घाम फुटायला लागला. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या प्लास्टिकच्या हाउसिंगमधून कूलंट गळतो. भोपाळच्या मे महिन्यात, चाळिशी पार केलेल्या पाऱ्यात, ही गळती परवडणारी नाही. इंजिनच्या बाजूला गुलाबी पांढुरका वाळलेला डाग दिसला की भाव पाडायला सुरुवात करा.

आणि 'क्वाट्रो' बिल्ल्याला भुलू नका. टीटीत मागच्या चाकांना ताकद पोचवतो हॅल्डेक्स नावाचा क्लच. त्याचं ऑइल वेळेवर बदललं नाही तर पंपाच्या जाळीत कचरा अडकतो, पंप मान टाकतो आणि मागची चाकं गुपचूप सुट्टीवर जातात. गाडी धावत राहते, मालकाला पत्ताच नाही की चारचाकी क्वाट्रो आता दोन चाकांवर भागवतेय! ही खोड जुन्या-नव्या दोघींना.

डॅशबोर्डवर मात्र धाकटीने बाजी मारली. एसीची बटणं कुठे आहेत, माहीत आहे का? थेट हवेच्या जाळीच्या मधोमध! जाळी फिरवा, बटण फिरवा, एकाच जागी. आणि मधली स्क्रीन? नाहीच! नकाशा, गाणी, फोन सगळं स्टीअरिंगमागच्या 12.3 इंची पडद्यावर. शेजारी बसलेल्या काकूंना नकाशा दिसत नाही, त्यामुळे 'अरे, डावीकडे वळायचं होतं!' हा प्रवासातला हक्काचा संवादच बंद.

पिढीवरून फसवाफसवी होऊ शकते का? बॉडी किट लावून जुनीला नवी भासवणारे कलाकार असतातच. पण चॅसिस नंबर खोटं बोलत नाही. ग्यूरच्या टीटीचा नंबर सहसा 'टी-आर-यू'ने सुरू होतो. ट्रू! आणि सातवं-आठवं अक्षर म्हणजे पिढीचं गोंदण: '8एन' असेल तर थोरली, '8जे' मधली, 'एफव्ही' धाकटी. दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं. 8 म्हणजे 2008, ए म्हणजे 2010, एफ म्हणजे 2015. मोबाइलच्या टॉर्चमध्ये काचेखालचा नंबर वाचा आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा.

त्याच तंद्रीत टायरकडेही वाका. बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. 'फक्त 18 हजार चाललीय' म्हणणाऱ्या दहा वर्षांच्या गाडीला चारही टायर नवे का, हा प्रश्न हसत हसत विचारायचा.

बाय द वे, टीटीने रेल्वेचाही भरपूर प्रवास केलाय! कित्येक वर्षं तिच्या रंगवलेल्या बॉडी जर्मनीतल्या इंगोलश्टाटहून मालगाडीने हंगेरीला जायच्या आणि तिथे इंजिन-चाकं लागायची. म्हणजे तुमची गाडी चालण्याआधी ट्रेनने फिरून आलेली असू शकते. विक्रेता हे किलोमीटर मोजत नाही, तुम्हीही मोजू नका.

सेकंडहँड म्हणजे कमीपणा? छे! भारतातली सगळ्यात गाजलेली सेकंडहँड स्पोर्ट्स कार कुणाची, माहीत आहे का? सचिन तेंडुलकरची! ब्रॅडमनच्या 29 शतकांशी बरोबरी केली म्हणून 2002 मध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते मिळालेली फेरारी 360 मोडेना. आयात शुल्कावरून देशभर गदारोळ झाला, अखेर ते फियाटने भरलं. 2011 मध्ये ती सुरतच्या एका उद्योजकाकडे गेली. तोवर एफ430 आणि 458 अशा दोन नव्या पिढ्या येऊन गेल्या होत्या, पण विचारतो कोण? पुढच्याच वर्षी राजेश मापुसकरांच्या 'फेरारी की सवारी'मध्ये ती हिरॉइनसारखी मिरवली. पहिला मालक सचिन असेल तर पिढीबिढी सब झूट!

बरं, घेतली गाडी. भोपाळात पळवणार कुठे?

ऐशबागच्या पुलावर? तोच तो, 2025 मध्ये काटकोनी वळणामुळे देशभर मीमचा विषय झालेला 18 कोटींचा रेल्वे ओव्हरब्रिज! सात इंजिनियर निलंबित झाले. पुढे हायकोर्टासमोर मॅनिटच्या तज्ज्ञाचं मोजमाप आलं, तेव्हा कळलं की कोन 90 चा नव्हे, 118-119 अंशांचा आहे. टीटीची कॉर्नरिंग कितीही भारी असू दे, इथे ब्रेकच लावा.

मधलीचा आणि धाकटीचा मागचा स्पॉयलर 120 च्या वेगाला आपोआप वर येतो. आणि केंद्राने 2018 मध्ये एक्सप्रेसवेवर कारसाठी ठरवलेली कमाल मर्यादा किती? बरोब्बर 120! म्हणजे स्पॉयलरने डोकं वर काढलं की समजा, कॅमेरा तुमच्याकडेच बघतोय. व्हीआयपी रोडवर तळ्याकाठी शायनिंग मारायची असेल तर आत बटण आहे. सिग्नलला उभं राहूनही स्पॉयलर वर होतो. राजा भोजांचा पुतळा साक्षीला!

खरा वेग हवाय? दोनशेएक किलोमीटरवर पीथमपूरला नॅट्रॅक्सचा टेस्ट ट्रॅक आहे. 11.3 किलोमीटरचा अंडाकृती हायस्पीड ट्रॅक, 2021 मध्ये आपल्या पुण्याच्या प्रकाश जावडेकरांनी उद्घाटन केलेला. तेव्हा आशियातला सर्वांत लांब म्हणून गाजला. वळणांवर ताशी 375 किलोमीटरपर्यंतची सोय! फक्त तिथे कंपन्या गाड्या तपासायला येतात. 'भैया, एक चक्कर?' चालत नाही.

आता कागदपत्रं. कंटाळवाणी, म्हणून पटकन. पुण्या-मुंबईची गाडी एमपी-04 करायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28. मालकी बदलायला 29 आणि 30. कर्ज फिटलेलं असेल तर 35. मध्य प्रदेशात रोड टॅक्स नव्याने भरा आणि महाराष्ट्रातला उरलेला टॅक्स परत मागायचं काम जुन्या मालकाच्या मदतीने आधीच मार्गी लावा. नंतर तो फोन उचलत नाही!

जुन्या पिढीचा छुपा खर्च माहीत आहे का? नोंदणीची 15 वर्षं संपली की फेरनोंदणी. साध्या कारला एप्रिल 2022 पासून शुल्क झालं 5,000. आयात केलेल्या कारला? 40,000! आणि टीटी भारतात आयात होऊनच यायची. 2008-2010 च्या 'स्वस्त' टीटीच्या किमतीत हा आकडा मिळवूनच घासाघीस करा.

नवीच गाडी घेणाऱ्यांसाठी मात्र आपल्या शिंद्यांनी सोय करून ठेवलीय. 1905 मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात राज्य सरकारने अनेकदा रोड टॅक्स निम्मा केलाय. गाई-बैलांपासून सुरू झालेल्या जत्रेत आता बीएमडब्ल्यू विकल्या जातात!

आई-बाबांना मागे बसवायचंय? मग टीटीची चुलत बहीण बघा. थोरली टीटी आणि पहिली स्कोडा ऑक्टाव्हिया एकाच प्लॅटफॉर्मवर बनल्या. 2004 मध्ये आलेल्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसमध्ये 1.8 लिटरचं, 150 पीएसचं टर्बो इंजिन होतं. तेव्हाच्या औरंगाबादच्या शेंद्र्यात जोडलेली, म्हणजे गाडी आपली मराठवाड्याची! मग 2017 ची 230 पीएसवाली, 2020 ची 245 वाली फक्त 200 नग, आणि ऑक्टोबर 2025 ची 265 पीएसवाली अवघे 100 नग, किंमत 49.99 लाख. इथे मी डोळे मिटून 2017 वाली सुचवीन. वेग पोटभर, डिकी अख्ख्या लग्नाच्या सामानाची.

आणि टीटीत? खिशाला झेपत असेल तर धाकटी, 2015 नंतरची, कूलंटची गळती तपासून. बजेट आखडतं असेल तर मधलीतली 200 पीएसवाली, पण बेल्ट आणि कॅम फॉलोअर बदलल्याची बिलं हातात असतील तरच. 211 वाली ऑइलचं काम झाल्याशिवाय नको. थोरली फक्त अशा माणसासाठी, ज्याच्याकडे रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे. आणि हो, बघायला जाण्याआधी विक्रेत्याला बजावून ठेवा की इंजिन गरम करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवा, ते थंड असेल तरच किल्ली फिरवा. पहिल्या काही सेकंदांत चेन खडखडली किंवा सायलेन्सरमधून निळा धूर आला, तर 'को खां, फिर मिलते हैं' म्हणा आणि निघा.