पेठमधलं एका तांब्याचं वुजू

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुलांसह नाशिकहून सावळघाटातून पेठला मित्राच्या घरी गेलो. पेठ पूर्वी संस्थान होतं. राजघराण्याच्या एका शाखेने इस्लाम स्वीकारला होता. १८७८ मध्ये इथल्या बेगम वारल्या आणि संस्थान नाशिक जिल्ह्यातला तालुका झालं. हे ऐकून मुलांना नवल वाटलं.

पण खरा धडा फजरला मिळाला. पावसाळ्यात धो-धो पाऊस झेलणाऱ्या या डोंगरांत उन्हाळ्यात विहिरी आटतात. अंधारातच पाण्याला गेलेल्या वहिनी हंडा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आधी नमाजचं पाणी घ्या." आम्ही एका तांब्यात दोघांनी वुजू केलं. वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण मुलांना तिथे कळली.

नागलीची भाकरी खाऊन आम्ही परतलो. आता वुजू करताना मुलं स्वतःहून नळ बंद करतात.