रिकाम्या घराचा विमा

घराची राखण कुलूप करतें असें म्हणण्याची पद्धत आहे. पण खरी राखण घरांत वावरणारीं माणसें करीत असतात. नळ गळूं लागला तर तो त्यांना ऐकूं येतो, विजेची तार तापली तर वास येतो, रात्रीं अनोळखी पाऊल वाजलें तर कोणीतरी ‘कोण आहे?’ म्हणून विचारतो. जें घर वर्षांतील बहुतेक दिवस बंद असतें, त्यास ही राखण नाहीं. त्यांत तें घर मालकाच्या गांवापासून दीड हजार किलोमीटरांहून दूर आणि परक्या कायद्याच्या देशांत असलें, म्हणजे मालकाची स्थिति उंटावरून शेळ्या हांकणाऱ्या माणसासारखी होते. अशा घराचा विमा कसा निवडावा, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

याचें उत्तम उदाहरण स्पेन देशांत सांपडतें. इंग्लंड, जर्मनी, नेदरलँड्स यांसारख्या थंड व ढगाळ देशांतील असंख्य कुटुंबांनीं स्पेनच्या भूमध्यसागरी किनाऱ्यावर, आलिकान्ते व मालागा या प्रांतांत, तसेंच बालेआरिक आणि कॅनरी बेटांवर सुटीपुरतें राहण्यासाठीं घरें घेतलेलीं आहेत. ब्रिटिश मालकांच्या बाबतींत तर घर किती दिवस रिकामें राहणार हें कायद्यानेंच ठरून गेलें आहे. १ जानेवारी २०२१ पासून, स्पेनचा निवासपरवाना नसलेल्या ब्रिटिश नागरिकास कोणत्याही १८० दिवसांच्या अवधींत शेंगेन करारांतील सर्व देशांत मिळून ९० दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं. म्हणजे त्याचें घर निदान अर्धें वर्ष तरी त्याच्यावांचून राहावयाचें. लंडनमध्यें स्थायिक होऊन ब्रिटिश नागरिक झालेल्या मराठी कुटुंबासही हाच नियम लागू आहे. भारतांत राहणाऱ्या व्यक्तीस रिझर्व्ह बँकेच्या योजनेखालीं एका आर्थिक वर्षांत २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशीं पाठवून तेथें घर घेतां येतें. पण अल्प मुदतीच्या परवान्यावर जाऊन राहण्यास तिलाही ९० दिवसांचीच मर्यादा आहे.

विमा म्हणजे जोखमीची किंमत. कंपनी हप्ता ठरवितांना जोखीम किती हें पाहते, आणि जोखीम किती हें तिला मालकाच्या सांगण्यावरूनच कळतें. यास्तव विमा उतरविणाऱ्यानें प्रथम सांगावयाची गोष्ट ही कीं, हें घर नित्य राहण्याचें नाहीं. स्वदेशांतील घराचा जो विमा मालकाजवळ असतो तो सामान्यतः माणसें घरांत राहतात असें धरूनच उतरविलेला असतो. इंग्लंडमधील पुष्कळशा विमापत्रांत तर घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामें राहिल्यास चोरी व पाण्याची गळती यांबद्दलचें संरक्षण थांबतें. तोच नमुना डोळ्यांसमोर ठेवून स्पेनमधील घराचा विमा घेणारा मनुष्य वर्षानुवर्षें हप्ते भरूनही बहुतेक काळ उघड्यावर असतो.

स्पेनमध्यें विमा देण्यापूर्वीं कंपनी एक प्रश्नपत्रिका भरून घेते. घर मुख्य निवासाचें कीं दुय्यम, हा तींतील एक महत्त्वाचा प्रश्न होय. दुय्यम घराचा हप्ता अधिक पडेल या भयानें कित्येक जण ‘मुख्य’ असें लिहून मोकळे होतात. झांकली मूठ सव्वा लाखाची, हा न्याय येथें चालत नाहीं. कारण दुर्घटनेनंतर ती मूठ उघडावीच लागते. स्पेनचा विमाकरारविषयक कायदा १९८० सालचा आहे. त्याच्या दहाव्या कलमान्वये, प्रश्नपत्रिकेंतील माहिती चुकीची ठरल्यास भरलेला हप्ता आणि खरोखर भरावयास हवा असलेला हप्ता यांच्या प्रमाणांत भरपाई कमी होते. समजा, मालकानें २०० युरो भरले आणि खरें सांगितलें असतें तर ३०० भरावे लागले असते. पाणी फुटून ९,००० युरोंचें नुकसान झालें, तर त्याच्या हातीं ६,००० पडतील. शंभर युरो वांचविण्यापायीं तीन हजार गेले. आणि त्यानें हेतुतः किंवा अक्षम्य हयगयीनें खोटें लिहिलें असें सिद्ध झालें, तर कंपनीवर एक युरोही देण्याचें बंधन उरत नाहीं.

दुसरा प्रश्न रकमेचा. घर किती रकमेस विकत घेतलें, तेवढ्याचा विमा उतरवावा अशी सर्वसाधारण समजूत असते. ती बरोबर नाहीं. किनाऱ्यावरील घराच्या किमतींत जमीन असते, समुद्राचें दर्शन असतें, शेजारची वर्दळ व बाजारपेठ असते. यांपैकीं कांहींच आगींत जळत नाहीं. जळतात त्या भिंती, छप्पर, दारें, नळ व तारा. म्हणून तें बांधकाम पुन्हां उभें करण्यास जो खर्च येईल तीच विम्याची रक्कम होय. ती अधिक लावली तर हप्ता व्यर्थ जातो. कमी लावली तर याहून वाईट गोष्ट घडते. कायद्याचें तिसावें कलम असें कीं, विम्याची रक्कम खऱ्या मोलाहून कमी असेल, तर नुकसानभरपाईही त्याच प्रमाणांत कमी मिळावी. घर पुन्हां बांधण्यास २,००,००० युरो लागणार आणि विमा १,००,००० चाच आहे, अशा स्थितींत स्वयंपाकघर जळून ४०,००० युरोंचें नुकसान झालें, तर मालकास २०,००० मिळतील. नुकसान विम्याच्या रकमेहून पुष्कळ कमी होतें, मग भरपाई पूर्ण कां नाहीं, असें त्यास वाटतें. परंतु त्यानें अर्ध्या घराचाच विमा उतरविला होता, असा कायद्याचा हिशेब आहे. हें प्रमाणाचें कलम उभयतांच्या संमतीनें विमापत्रांतून वगळतां येतें. तशी सोय आहे काय, हें विमा घेतांना अवश्य विचारावें. घरांतील सामानाची रक्कम वेगळी लिहिली जाते, तिलाही हाच नियम लागू पडतो. दागिने व रोख पैसा मात्र रिकाम्या घरांत ठेवूंच नये. दुय्यम घरांच्या बाबतींत बहुतेक कंपन्या त्यांची हमी घेत नाहींत.

घर मोठ्या इमारतींतील सदनिका असेल, तर सर्व मालकांचा मिळून एक संघ असतो. त्या संघानें इमारतीचा विमा उतरविलेला असला तरी त्यांत सामाईक जिना, छप्पर व मुख्य नळ एवढेंच येतें, कीं प्रत्येक सदनिकेच्या आंतील भिंती व फरशीही येते, हें संघाचें विमापत्र मागवून पाहिल्यावांचून कळत नाहीं. न पाहतां विमा घेणाऱ्याच्या हातून एकाच भिंतीचा विमा दोनदां उतरविला जातो, किंवा एकदांही उतरविला जात नाहीं.

आतां निसर्गाचा कोप. याबाबतींत स्पेनची व्यवस्था इतरांहून निराळी आहे. यादवी युद्धांतील नुकसानीचे दावे निकालांत काढण्यासाठीं १९४१ सालीं तेथें एक सरकारी संस्था स्थापन झाली. १९५४ सालीं तिला कायमचें रूप मिळालें. ‘कोन्सोर्सिओ दे कोम्पेन्सासिओन दे सेगुरोस’ हें तिचें नांव. महापूर, भूकंप, समुद्राच्या उसळलेल्या लाटा, ज्वालामुखीचा उद्रेक, ताशीं १२० किलोमीटरांहून अधिक वेगाचें वादळ, तसेंच दहशतवादी कृत्यें व दंगे यांनीं झालेल्या नुकसानीची भरपाई ही संस्था देते. मात्र तिच्याकडे जाण्यास एक दार आहे, तें खाजगी कंपनीच्या विमापत्राचें. प्रत्येक गृहविम्याच्या हप्त्यांत या संस्थेसाठीं एक लहानसा अधिभार असतो. ज्यानें विमाच उतरविला नाहीं, त्यास तिच्याकडून कांहीं मिळत नाहीं. नव्या विमापत्रास पहिले सात दिवस हें संरक्षण मिळत नसल्यानें, वादळाची वार्ता ऐकून विमा घेण्यास धांवणाऱ्याची गत तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यासारखी होते.

ला पाल्मा बेटावर १९ सप्टेंबर २०२१ रोजीं ज्वालामुखी जागृत झाला व १३ डिसेंबरपर्यंत धगधगत राहिला. शेंकडों घरें लाव्ह्याखालीं गाडलीं गेलीं. ज्यांचा विमा होता त्यांना कोन्सोर्सिओकडे दावा लावतां आला. ज्यांचा नव्हता त्यांना सरकारी साहाय्याचीच वाट पाहावी लागली. २९ ऑक्टोबर २०२४ रोजीं व्हॅलेन्सिया प्रांतांत आलेल्या महापुरांत दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं आणि असंख्य घरांत चिखल शिरला. तेव्हांही भरपाईचा भार मुख्यतः याच संस्थेवर पडला. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, कोन्सोर्सिओ मूळ विमापत्रांतील रकमेच्या आधारेंच पैसे देते. तेथें रक्कम अपुरी असेल तर येथेंही ती अपुरीच पडते. शिवाय पूर आणि पाऊस यांत कायदा भेद करतो. नदी किंवा ओढा फुगून घरांत पाणी शिरलें तर तें कोन्सोर्सिओचें काम. पावसाचें पाणी थेट छपरांतून झिरपलें तर तो खाजगी कंपनीशीं झालेल्या कराराचा प्रश्न. म्हणून छपराची गळती व साधें वादळ यांविषयीं कंपनी काय म्हणते, हें निराळें वाचावें.

चवथा प्रश्न दुसऱ्यांच्या नुकसानीचा. रिकाम्या सदनिकेंतील नळ फुटला तर पाणी खालच्या बिऱ्हाडांत उतरतें, आणि त्याची भरपाई वरच्या मालकानें करावयाची असते. घरापुढें पोहण्याचा हौद असला तर ही जबाबदारी अधिकच वाढते. मालक नसतांना घर प्रवाशांस भाड्यानें द्यावयाचें असेल, तर तें कंपनीस आगाऊ कळवून विमापत्रांत लिहवून घ्यावें. एरव्हीं सुटीचें म्हणून नोंदलेलें घर भाड्याच्या धंद्याचें झालें, आणि पाहुणा हौदाच्या कांठावर घसरून पडला, म्हणजे कंपनी व मालक यांच्यांत वादास तोंड फुटतें.

उत्तम विमापत्रही हप्ता थकल्यानें निरुपयोगी होतें. पुढील हप्ता ठरल्या दिवशीं न भरला गेल्यास, त्या दिवसापासून एक महिन्यानें संरक्षण थांबतें असें पंधरावें कलम सांगतें. सुटीच्या घराचा हप्ता बहुधा स्पेनमधील बँकेच्या खात्यांतून परस्पर वळता होतो. त्या खात्यांत विजेच्या व पाण्याच्या बिलांपुरतेच पैसे ठेवलेले असतात. हप्त्याच्या दिवशीं दहा युरो कमी पडले, स्मरणपत्र बंद घराच्या पेटींत जाऊन पडलें, आणि महिन्यानंतर घर विम्यावांचून उभें राहिलें. मालकास याची गंधवार्ताही नसते. यावर उपाय सोपा आहे: कंपनीस आपला खरा, नित्य राहण्याचा पत्ता द्यावा आणि खात्यांत एका हप्त्याइतकी शिल्लक कायम ठेवावी.

दुर्घटना घडल्यास ती कळल्यापासून सात दिवसांच्या आंत कंपनीस कळविणें कायद्यानें आवश्यक आहे. पण बंद घरांतील दुर्घटना कळावयाची कशी? यासाठीं विश्वासू शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून पंधरा दिवसांनीं एकदां तरी घर उघडून पाहण्याची व्यवस्था असावी. निघतांना पाण्याचा मुख्य नळ बंद करावा. खिडक्यांस गज, दारास भक्कम कुलूप व धोक्याची घंटा हीं विमापत्रांत लिहिलीं असतील, तर तीं प्रत्यक्षांत असलींच पाहिजेत. सामानाचीं छायाचित्रें व पावत्या मालकाच्या मुख्य घरीं असाव्यात; घराबरोबर वाहून गेलेली पावती कोणाच्याच कामास येत नाहीं. नुकसानीच्या आकड्यावर मतभेद झाला तर उभय पक्षांस आपापला तज्ज्ञ नेमतां येतो व त्यांचें न जुळल्यास तिसरा नेमला जातो. दुर्घटनेची खबर मिळाल्यापासून ४० दिवसांच्या आंत, ज्ञात परिस्थितीप्रमाणें जी किमान रक्कम देय ठरेल ती कंपनीनें दिली पाहिजे, हाही कायद्याचाच नियम आहे.

अशा घरांचे मालक सर्वच धनाढ्य नसतात. कित्येकांनीं तीस-चाळीस वर्षें नोकरी करून, निवृत्तीनंतर उन्हांत बसतां यावें म्हणून ही एकच मिळकत केलेली असते. तेव्हां विमा निवडतांना कंपनी स्पेनमध्यें विमा देण्यास अधिकृत आहे काय, पावतींत कोन्सोर्सिओचा अधिभार दिसतो काय, घर सलग किती दिवस रिकामें राहिलेलें चालतें, रक्कम पुनर्बांधणीच्या खर्चाइतकी आहे काय, आणि परभाषेंतील विमापत्राचा अर्थ कोणा जाणत्याकडून समजून घेतला आहे काय, या प्रश्नांचीं उत्तरें लेखी मिळवावीं. तीं समाधानकारक असतील अशा दोन-तीन कंपन्या निवडाव्यात, आणि मग हप्त्याचे आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहावेत.