गाडीच्या रंगाला कवच घालताना

दारात नवी जीप किंवा पिकअप आली की वॉशिंग सेंटरवाला मागे लागतो, "कोटिंग करून घ्या, रंगाकडे बघायलाच नको." मामला हजारोंचा असतो. होकार देण्याआधी थोडे समजून घ्या.

पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर, असे हे थर असतात. सगळे मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. ऊन, झाडाचा चीक, पाखरांची विष्ठा यांचा मारा वरच्या थरावर होतो. कवच जपते ते त्यालाच.

कवचाचे प्रकार मुख्यतः तीन. मेणाचे पॉलिश स्वस्त, घरी हाताने लावता येते. पण दोन-तीन महिन्यांत उतरते. पॉलिमर सीलंट साधारण सहा महिने टिकते. सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकायुक्त द्रवाचा कडक थर. नीट लावले, निगा राखली तर दोन-तीन वर्षे जाते, पण खर्चिक.

आता खरी गोम ऐका. खडा लागून टवका उडायचा तो यातल्या कशानेही थांबत नाही. आणि पत्रा उघडा पडला की गंज आतून पसरतो. पोटॅशसारख्या खतांचे क्षार, फवारणीतला मोरचूद ओलीबरोबर पत्रा खातात. म्हणून खत वाहिले की हौदा त्याच दिवशी धुवा. टवका उडाला तर गंज पॉलिश पेपरने घासून काढा, रेड ऑक्साइड प्रायमर लावा, वाळल्यावर रंगाचा हात द्या. गाडी धुवायला कपड्यांची पावडर नको, तिने मेण उतरते. चकाकीसाठी वरचेवर रबिंग कंपाउंडही नको. तो दरवेळी लॅकरच घासून नेतो.

तेव्हा बांधावर फिरणाऱ्या गाडीला पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा मेण पुरे. छपराखाली राहणाऱ्या, डांबरी रस्त्यावरच्या नव्या गाडीला कोटिंगचा विचार करायला हरकत नाही.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी पंचायतीच्या गाडीसाठी कोटेशन मागवताना माल कोणता, हात किती, हमी किती वर्षांची आणि हमीत गंज धरला आहे का, हे लेखी घ्यावे. पैसा गावाचा आहे. आधी गंज काढा, मग कवच घाला. गंजावर चढवलेली चकाकी पहिल्या पावसाळ्यातच उघडी पडते.